राक्षसाला निरोप देणारा नट

भयपटाच्या चाहत्याला पडद्यावरच्या भुतापेक्षा एक भीती अधिक छळते. आवडते भूत पुढच्या भागात परत येईल आणि हास्यास्पद ठरेल, ही ती भीती. २०२४ मध्ये ‘स्त्री २’ला लोटलेली गर्दी, त्याच वर्षी पुन्हा प्रदर्शित झालेल्या ‘तुंबाड’ला पहिल्या वेळेपेक्षा लाभलेला मोठा प्रतिसाद आणि त्यापाठोपाठ झालेली त्याच्या दुसऱ्या भागाची घोषणा या साऱ्यांतून हीच दुहेरी भावना दिसून आली. प्रेक्षकाला उत्तरार्ध हवा असतो आणि तो बिघडू नये, अशी धास्तीही असते. हा पेच नवा नाही. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी हॉलिवूडमध्ये तो एका नटापुढे उभा राहिला होता. त्या नटाचे नाव बोरिस कार्लॉफ. या नटाच्या घराण्याचे एक मूळ थेट महाराष्ट्रात, अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) लष्करी छावणीपर्यंत पोचते.

कार्लॉफचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात त्याचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडील ब्रिटिश भारताच्या मीठ खात्यात नोकरीला होते. त्याच्या आईच्या आईचे वडील थॉमस एडवर्ड्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात सार्जंट होते. याच एडवर्ड्सची धाकटी मुलगी १८३१ मध्ये अहमदनगर येथे जन्मली. सयामच्या राजदरबारात शिक्षिका म्हणून गेलेली आणि ‘द किंग अँड आय’ या संगीतिकेमुळे जगभर ओळखली गेलेली अ‍ॅना लिओनोवेन्स ती हीच. म्हणजे अ‍ॅना ही कार्लॉफच्या आजीची सख्खी बहीण.

अ‍ॅनाच्या आजोळी भारतीय रक्त असावे, असे संशोधक मानतात. वर्णाला आणि जन्माला अवास्तव महत्त्व देणाऱ्या त्या काळात तिने अहमदनगरचे नाव पुसून टाकले आणि आपला जन्म वेल्समध्ये झाल्याचे सांगितले. बहिणीच्या कुटुंबाशी असलेले नातेही तिने तोडले. तिच्या जन्मस्थानाचा उलगडा झाला तो १९७० च्या दशकात. त्या वेळी कार्लॉफही हयात नव्हता. सावळ्या वर्णाच्या या नटानेही आपले जन्मनाव मागे टाकले आणि रशियन वाटणारे नाव धारण केले. ते आपल्या आजोळच्या घराण्यातले असल्याचे तो सांगत असे. त्याला पुरावा मात्र कोणालाही सापडला नाही.

आईवडिलांचे छत्र त्याला फार काळ लाभले नाही. थोरल्या भावंडांनी त्याला वाढवले. भाऊ जॉन चीनमधील ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत नावारूपाला आला, पुढे ‘सर’ झाला. विल्यमनेही तीच वाट धरावी, अशी घरची अपेक्षा होती. बोलताना अडखळणाऱ्या या मुलाला मात्र रंगभूमीचे वेड लागले होते. १९०९ मध्ये त्याने कॅनडा गाठला. तेथे शेतमजुरी केली, मग फिरत्या नाटक कंपन्यांतून गावोगाव भूमिका केल्या. हॉलिवूडमध्ये आल्यावरही पोट भरण्यासाठी त्याला ट्रकवर हमाली करावी लागली. दहा-बारा वर्षे तो किरकोळ भूमिकांतच अडकून राहिला.

१९३१ मध्ये दिग्दर्शक जेम्स व्हेल याने ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील राक्षसासाठी त्याची निवड केली. रंगभूषाकार जॅक पियर्स रोज सुमारे चार तास खपून तो चेहरा घडवत असे. सपाट कपाळ आणि मानेतले खिळे ही पियर्सची करामत. जड, अर्धमिटल्या पापण्यांची कल्पना मात्र कार्लॉफची. गाल खोल दिसावा म्हणून त्याने तोंडातली कृत्रिम दातांची कवळीही काढून ठेवली. चित्रपटाच्या आरंभीच्या नामावलीत राक्षसाच्या नावापुढे केवळ प्रश्नचिन्ह होते. वयाच्या ४४ व्या वर्षी त्या प्रश्नचिन्हाने त्याला जगप्रसिद्ध केले.

या यशाचे रहस्य भीतीत जितके होते, तितकेच करुणेत होते. कार्लॉफने राक्षस रंगवला तो निर्मात्यानेच टाकून दिलेल्या अजाण बालकासारखा. मुलांनी हे अचूक ओळखले. त्यांची पत्रे त्याला येत आणि त्यांत भीतीऐवजी राक्षसाविषयीचा कळवळा असे. या पत्रांचे कार्लॉफला आयुष्यभर अप्रूप राहिले.

या भूमिकेची किंमतही त्याने मोजली. जड बूट घालून आणि सहकलाकाराला उचलून टेकडी चढण्याच्या दृश्यांमुळे त्याची पाठ कायमची दुखावली. एकदा चित्रीकरण सलग पंचवीस तास चालले. अशा राबवणुकीला लगाम बसावा म्हणून १९३३ मध्ये नटांची संघटना उभी राहिली. तिच्या संस्थापक सदस्यांत कार्लॉफ होता.

उत्तरार्धाची मागणी होणारच होती. १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये राक्षसाला वाचा देण्यात आली. कार्लॉफला हे मुळीच रुचले नव्हते; मुकेपण हेच त्या पात्राचे बळ आहे, असे त्याचे मत होते. पुढे अनेक जाणकारांनी हा दुसरा भाग पहिल्याहून सरस ठरवला. नटाचा अंदाजही चुकू शकतो, याचे हे उदाहरण. त्यानंतर स्टुडिओची मालकी बदलली, भयपटांची लाट ओसरली. परंतु १९३८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चित्रपटगृहाने ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे जुने चित्रपट एकत्र दाखवले आणि तेथे रांगा लागल्या. चाहत्यांच्या त्या गर्दीतूनच १९३९ चा ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ जन्माला आला.

तिसऱ्या भागात राक्षस वेड्या यगोरच्या हातातले शस्त्र होऊन बसला होता. या पात्रात आता नवे काही उरलेले नाही, यापुढे त्याची थट्टाच होईल, हे कार्लॉफने ओळखले आणि ही भूमिका सोडली. ज्या चेहऱ्याने भाकरी दिली, तो ऐन मागणीच्या काळात उतरवणे सोपे नव्हते. स्टुडिओ थांबला नाही. लॉन चेनी धाकटा, बेला लुगोसी, ग्लेन स्ट्रेंज असे नट बदलत गेले. १९४४ च्या भागात कार्लॉफ परतला, पण वेड्या शास्त्रज्ञाच्या भूमिकेत. स्ट्रेंजला राक्षसाची चाल त्यानेच शिकवली. १९४८ मध्ये अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीच्या चित्रपटात राक्षस खरोखरच हसण्याचा विषय झाला. त्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी कार्लॉफ चित्रपटगृहाबाहेर छायाचित्रे काढून घेण्यास तयार झाला. आत जाऊन चित्रपट पाहणे मात्र त्याने टाळले. १९६२ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका भागापुरता त्याने तो चेहरा पुन्हा चढवला.

राक्षसाविषयी त्याच्या मनात कटुता नव्हती. आपल्या आयुष्याला त्याने दिशा दिली, याची कृतज्ञता तो नेहमी व्यक्त करी. रंगभूमी, नभोवाणी, मुलांसाठी गोष्टींचे वाचन या साऱ्यांत तो अखेरपर्यंत रमला. १९६८ च्या ‘टार्गेट्स’मध्ये त्याने निवृत्तीला निघालेल्या वृद्ध भयपट-नटाची भूमिका केली. २ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये त्याचे निधन झाले.

फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आजही नव्या रूपात येतोच आहे. २०२५ मध्ये गिलेर्मो देल तोरो यानेही तो पडद्यावर आणला. प्रत्येक नव्या राक्षसाची तुलना मात्र कार्लॉफच्या त्या मूक, केविलवाण्या चेहऱ्याशी होते. पुढच्या भागाची आस लावून बसलेल्या चाहत्यांना हे कदाचित रुचणार नाही, पण तो चेहरा टिकून राहिला याचे श्रेय कार्लॉफच्या अभिनयाइतकेच त्याने वेळीच दिलेल्या नकारालाही आहे.