दोन दारांचे घर

कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ग्रँड नदीच्या काठी ‘चीफ्सवूड’ नावाचे एक जुने घर आहे. या घराला दोन दर्शनी दारे आहेत आणि ती दोन्ही अगदी सारखी आहेत. एक नदीकडे उघडते, दुसरे रस्त्याकडे. नदीतून होडीने येणारे मोहॉक लोक आणि रस्त्याने घोडागाडीतून येणारे गोरे पाहुणे, या दोघांचेही स्वागत सारख्याच मानाने व्हावे, हा त्यामागचा हेतू होता. याच घरात १० मार्च १८६१ रोजी कवयित्री पॉलीन जॉन्सन यांचा जन्म झाला.

त्यांचे वडील जॉर्ज जॉन्सन हे मोहॉक जमातीचे एक प्रमुख होते. आई एमिली हॉवेल्स इंग्लंडमध्ये जन्मलेल्या होत्या. युरोपीय लोक येण्याआधीपासून त्या भूमीवर राहणाऱ्या मूळ रहिवाशांना त्या काळी ‘इंडियन’ म्हणत. आपल्या भारताशी त्या नावाचा संबंध नाही. सरकारी कायदा वडिलांचे कूळ पाहत असे, म्हणून पॉलीन ‘इंडियन’ ठरल्या. मोहॉक परंपरेत मात्र कूळ आईकडून येते. त्यामुळे त्या परंपरेनुसार त्यांना कूळच नव्हते.

पॉलीन सहा वर्षांच्या असताना, १८६७ मध्ये, कॅनडाचे संघराज्य स्थापन झाले. या नव्या देशाची ओळख कोणती आणि तीत मूळ रहिवाशांचे स्थान कोणते, हा प्रश्न पॉलीन यांच्या आयुष्याशी कायमचा जोडला गेला.

त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले. आईने घरी इंग्रजी काव्याची गोडी लावली. आजोबांनी मोहॉक कथा सांगितल्या. वडिलांनी जमातीच्या जमिनीवरील लाकडाच्या चोरीला आणि दारूच्या व्यापाराला विरोध केला. त्यापायी त्यांच्यावर जीवघेणे हल्ले झाले आणि १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. कुटुंबाला चीफ्सवूड सोडून ब्रँटफर्ड गावातील लहानशा घरात जावे लागले.

१८८५ मध्ये कॅनडाच्या वायव्य भागात मेती लोकांनी आणि काही मूळ जमातींनी उठाव केला. सरकारने सैन्य पाठवून तो मोडून काढला. पुढे जानेवारी १८९२ मध्ये टोरांटो येथील एका सभेत पॉलीन यांनी आपली एक कविता म्हटली. तीत एक इंडियन स्त्री पतीला याच युद्धावर पाठवताना बोलते. गोऱ्या श्रोत्यांनी त्या पराभूतांच्या बाजूच्या कवितेला भरभरून दाद दिली. त्या सभेनंतर सुमारे सतरा वर्षे पॉलीन देशभर काव्यवाचन करीत फिरल्या.

त्याच वर्षी त्यांनी एका लेखातून कादंबरीकारांना जाब विचारला. त्यांच्या कादंबऱ्यांतील इंडियन नायिका सगळ्या एकसारख्या असतात. त्यांना जमातीचे नाव नसते आणि शेवटी त्यांच्या वाट्याला मरण येते, हा त्यांचा आक्षेप होता. परंतु श्रोत्यांना तशीच काल्पनिक नायिका पाहायची हौस होती. उपजीविका तर याच कार्यक्रमांवर चालायची. म्हणून पॉलीन पूर्वार्धात हरणाच्या कातड्याचा पोशाख घालीत आणि उत्तरार्धात विलायती झगा. तो कातड्याचा पोशाखही कोणा एका जमातीचा नव्हता. निरनिराळ्या वस्तू जमवून तो तयार केला होता. यावर पुढे टीका झाली. त्यांच्या काही कवितांत ब्रिटिश साम्राज्याचा अभिमान आहे, याकडेही अभ्यासकांनी लक्ष वेधले.

त्यांचा पहिला काव्यसंग्रह १८९५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पणजोबांचे ‘टेकाहिओनवाके’ हे मोहॉक नाव त्यांनी आपल्या नावासोबत वापरले. १९०६ मध्ये लंडनमध्येच त्यांची स्क्वामिश जमातीचे प्रमुख जो कॅपिलानो यांच्याशी भेट झाली. ते आपल्या लोकांच्या हक्कांसाठी राजाकडे दाद मागायला आले होते. पुढे १९०९ मध्ये पॉलीन व्हँकुव्हरला स्थायिक झाल्या. कॅपिलानो यांनी सांगितलेल्या लोककथा त्यांनी शब्दबद्ध केल्या. त्या वेळी त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. उपचारांसाठी पैसा हवा होता, म्हणून मित्रमंडळींनी १९११ मध्ये त्या कथांचे पुस्तक काढले.

७ मार्च १९१३ रोजी पॉलीन यांचे निधन झाले. १९६१ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, कॅनडाच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कॅनडाच्या साहित्याची ओळख केवळ युरोपातून आलेल्या लोकांपुरती राहू नये, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. एका दाराने आत येण्यासाठी दुसरे बंद करणे त्यांना मान्य नव्हते. मात्र दोन्ही दारे उघडी ठेवण्याचे कष्ट त्यांना एकट्यालाच सोसावे लागले.