ओबडधोबड अक्षरांचे कारागीर : रुडॉल्फ कॉख

कॉख हे आडनाव ऐकले की आपल्याला क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे डॉक्टर आठवतात. मी सांगणार आहे ते कॉख वेगळे. रुडॉल्फ कॉख हे जर्मनीतील थोर अक्षरकार. त्यांची ओळख मला माझ्याच एका फजितीमुळे झाली.

गेल्या स्नेहसंमेलनात नाटकाचा फलक रंगविण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. जाड कुंचल्याने मराठीत आणि कन्नडमध्ये वेडीवाकडी अक्षरे ओढली आणि ओबडधोबडपणा हीच खरी शैली, असे मित्रांना ऐकविले. फलक लागला, पण दहा पावलांवरून नाटकाचे नाव कोणालाच वाचता येईना! पुढे अक्षरकलेची पुस्तके चाळताना कॉख यांचे ‘नॉयलांड’ हे मुद्राक्षर दिसले. तेही खडबडीत, जणू तासणीने तासलेले. पण लांबूनही ठसठशीत दिसणारे. हे त्यांना कसे साधले असेल, या कुतूहलापोटी मी त्यांचे चरित्र वाचले.

१८७६ साली न्यूरेंबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षीच वडिलांचे छत्र हरपले. पुढे हानाऊ येथे धातुकामाच्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. हत्यार आणि धातू यांची सवय हाताला लागली ती तेथेच. १९०६ साली ते ऑफेनबाखच्या टाइप फाउंड्रीत आले. ही फाउंड्री पुढे क्लिंगस्पोर या नावाने प्रसिद्ध झाली. रुंद टोकाच्या लेखणीने, आपल्याकडच्या बोरूसारखी, त्यांनी वर्षानुवर्षे अक्षरे घोटली आणि विद्यार्थ्यांनाही शिकविली. मध्यंतरी पहिल्या महायुद्धात त्यांना सैनिक म्हणूनही जावे लागले.

१९२३ साली ‘नॉयलांड’ आले. एरवी अक्षर आधी कागदावर रेखाटतात आणि मग त्याचा ठसा कोरतात. कॉख यांनी रेखाटन वगळले व हत्यार थेट धातूला लावले. प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरल्यामुळे लहान आणि मोठ्या खिळ्यांतील अक्षरे तंतोतंत सारखी नाहीत. आज संगणकावर एकच आकृती हवी तेवढी लहानमोठी करता येते. तेथे हा जिवंतपणा कोठून येणार?

याच गृहस्थांनी १९२७ साली ‘काबेल’ हे रेखीव, भूमितीतल्या आकृत्यांसारखे अक्षर घडविले, हे वाचून मी चकित झालो. ज्यांना नितळ रेषा सहज साधत होती, त्यांनी खडबडीत रेषा जाणूनबुजून निवडली होती. मी मात्र नितळ रेषा जमत नाही म्हणून खडबडीतपणाचा आडोसा घेतला होता!

१९३४ साली, वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी, कॉख निवर्तले. त्यांचे ‘नॉयलांड’ मात्र टिकले. १९९३ सालच्या ‘जुरासिक पार्क’ चित्रपटाचे नावही त्याच धाटणीच्या अक्षरांत आहे.

मित्रहो, यंदाही फलकाचे काम मी मागून घेतले आहे. पण कुंचला तूर्त बाजूला ठेवला आहे. सध्या रोज अर्धा तास बोरूने दोन्ही लिप्यांची मुळाक्षरे गिरवीत आहे.