विश्वाच्या आरंभाचा शोध घेणारे धर्मगुरू : जॉर्ज लमेत्र

महास्फोटाचा सिद्धान्त आपण शाळेत शिकतो, वर्तमानपत्रात वाचतो. पण तो विचार प्रथम मांडणारा शास्त्रज्ञ रोज पवित्र मिस्सा अर्पण करणारा कॅथोलिक धर्मगुरू होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आइन्स्टाइनने आपल्याच समीकरणातून टाकून दिलेली एक संख्या ह्या धर्मगुरूने शेवटपर्यंत जपली. त्यांच्या आयुष्याची ही ओळख.

जॉर्ज लमेत्र ह्यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी बेल्जियममधील शार्लरवा ह्या शहरात झाला. शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत झाले. आपण धर्मगुरूही व्हायचे आणि शास्त्रज्ञही, हे त्यांनी लहानपणीच ठरवले होते. लुव्हेन विद्यापीठात ते अभियांत्रिकी शिकत असतानाच १९१४ साली महायुद्ध पेटले. जॉर्ज स्वेच्छेने सैन्यात गेले, तोफखान्यात लढले आणि त्यांना शौर्यपदक मिळाले. युद्धानंतर अभियांत्रिकी सोडून त्यांनी गणित व भौतिकशास्त्र घेतले. १९२० मध्ये डॉक्टरेट मिळताच ते सेमिनरीत दाखल झाले. तेथे ईशज्ञानाच्या अभ्यासाबरोबर आइन्स्टाइनचे सिद्धान्त वाचण्याची मोकळीक त्यांना कार्डिनल मेर्सिए ह्यांनी दिली आणि २२ सप्टेंबर १९२३ रोजी त्यांच्याच हस्ते जॉर्ज ह्यांची गुरुदीक्षा झाली.

लगेच हे तरुण फादर केंब्रिजला आर्थर एडिंग्टन ह्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाकडे गेले. पुढे काही वर्षांनी कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर हेही केंब्रिजला एडिंग्टन ह्यांच्या सहवासात शिकले आणि १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सापेक्षतेचे संशोधन रुजवले. लमेत्र मात्र केंब्रिजहून अमेरिकेला गेले आणि तेथे त्यांनी एका अवघड प्रश्नाला हात घातला.

तो प्रश्न असा. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये विशिष्ट सापेक्षता सिद्धान्त मांडला. त्यात प्रकाशाचा वेग सर्वांसाठी सारखाच असतो. पण गुरुत्वाकर्षणाचा विचार नाही. तिथले रिकामे अवकाश सपाट मैदानासारखे आहे. ते वाढत नाही की आकसत नाही. १९१५ च्या व्यापक सिद्धान्तात गुरुत्वाकर्षण आले आणि नवी अडचण उभी राहिली. सगळे तारे एकमेकांना ओढतात, तर विश्व कोसळत का नाही? विश्व स्थिर आहे असे तेव्हा सर्वच मानत. म्हणून १९१७ मध्ये आइन्स्टाइनने समीकरणात एक संख्या घातली. ती विश्वस्थिरांक. तिचे काम ओढीच्या विरुद्ध रेटा देण्याचे.

त्याच वर्षी हॉलंडच्या विलेम द सिटर ह्यांनी दाखवले की ही संख्या मान्य केली, तर अगदी रिकामे अवकाशही सपाट राहत नाही. म्हणजे विशिष्ट सापेक्षतेचे मैदानच बदलते. प्रकाशाच्या वेगाप्रमाणे एक ठराविक लांबीही सर्वांसाठी अचल मानून, ह्या वक्र मैदानावर विशिष्ट सापेक्षता नव्याने उभारण्याचे प्रयत्न पुढे काही शास्त्रज्ञांनी केले आहेत. द सिटर ह्यांचे विश्व वरवर स्थिर दिसत होते. १९२५ मध्ये लमेत्र ह्यांनी दाखवले की ती स्थिरता मोजण्याच्या पद्धतीमुळे भासते. मोजपट्टी नीट निवडली की त्या विश्वातील अंतरे वाढत जातात.

बेल्जियमला परतून लुव्हेनला शिकवत असताना, १९२७ मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. कशेळीच्या पुलावर उभे राहिले, तर हॉर्न वाजवत जवळ येणाऱ्या ट्रकचा आवाज चढा वाटतो आणि ट्रक भिवंडीकडे निघून जाताना तोच आवाज उतरतो. प्रकाशाचेही काहीसे तसेच आहे. दूर जाणाऱ्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे झुकतो. अशा ४२ दीर्घिकांच्या मोजमापांवरून लमेत्र ह्यांनी निष्कर्ष काढला की अवकाश स्वतःच ताणले जात आहे. रशियाच्या फ्रीडमान ह्यांनी १९२२ मध्ये गणिताने तशी शक्यता दाखवली होती. लमेत्र ह्यांनी तिची निरीक्षणांशी सांगड घातली. त्यांचा लेख फ्रेंचमध्ये, फारशा न वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये भेटलेल्या आइन्स्टाइनने गणित बरोबर असल्याचे मान्य केले, पण प्रसरण पावणारे विश्व त्याला मुळीच पटले नाही. १९२९ मध्ये हबल ह्यांची निरीक्षणे आली, १९३१ मध्ये एडिंग्टन ह्यांनी आपल्या ह्या जुन्या विद्यार्थ्याचा लेख इंग्रजीत आणवला, तेव्हा जगाचे डोळे उघडले. त्याच वर्षी लमेत्र ह्यांनी साऱ्या विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाल्याचा विचार मांडला.

विश्व प्रसरण पावते हे कळल्यावर आइन्स्टाइनने विश्वस्थिरांक अनावश्यक म्हणून सोडून दिला. लमेत्र ह्यांनी मात्र तो सोडला नाही. त्याला कारण होते. तेव्हाच्या मोजमापांनुसार विश्वाचे वय पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी भरत होते आणि विश्वस्थिरांकामुळे हा गुंता सुटू शकत होता. १९३४ मध्ये तर ही संख्या म्हणजे रिकाम्या अवकाशाचीच ऊर्जा असावी, असे त्यांनी सुचवले. १९४९ मध्येही दोघांनी ह्या मुद्द्यावर एकाच ग्रंथात आपापली बाजू मांडली. मतभेद राहिला, स्नेहही राहिला.

श्रद्धेच्या बाबतीतही ते तितकेच काटेकोर होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस ह्यांनी एका भाषणात नव्या विज्ञानाचा संबंध देवाने केलेल्या निर्मितीशी जोडला. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त उद्या चुकीचा ठरला, तर त्याचा आधार घेऊन श्रद्धा कशाला पणाला लावायची, हा त्यांचा विचार होता. व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांमार्फत त्यांनी आपली काळजी कळवली. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी तो मुद्दा पुन्हा मांडला नाही. १९६० पासून लमेत्र हे परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.

२० जून १९६६ रोजी लुव्हेन येथे त्यांचे निधन झाले. विश्वाच्या बालपणीची उष्णता आजही सर्वत्र मंद किरणांच्या रूपाने पसरलेली आहे, हा शोध लागल्याची बातमी त्यांना आजारपणात, मृत्यूपूर्वी थोडे दिवस आधी समजली. विश्वस्थिरांकाचा न्याय मात्र त्यांच्या हयातीत झाला नाही. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे दिसले आणि टाकून दिलेली ती संख्या समीकरणात परत आली. ह्या शोधाला २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज विश्वातील सुमारे ७० टक्के ऊर्जा ह्या प्रकारची मानली जाते. २०२४ व २०२५ मधील मोजमापांतून ती कदाचित पूर्णपणे अचल नसावी, असेही संकेत मिळाले आहेत. शोध चालूच आहे. प्रसरणाच्या नियमाला हबल यांच्याबरोबर लमेत्र ह्यांचेही नाव द्यावे, अशी शिफारस खगोलशास्त्रज्ञांच्या जागतिक संघटनेने २०१८ मध्ये केली.

आपली मुले विज्ञान शिकताना कधी कधी घाबरून विचारतात की आता देवावरच्या विश्वासाचे काय करायचे. त्यांना फादर लमेत्र ह्यांची गोष्ट जरूर सांगावी. त्यांनी ताऱ्यांचे गणित ताऱ्यांकडे पाहून सोडवले आणि प्रार्थना मनापासून केली. एकाचा आधार दुसऱ्याला द्यावा लागेल, असे त्यांना कधी वाटले नाही.