नाण्यांच्या वजनातून इतिहास वाचणारा गणिती

कोलशेतपासून डोंबिवलीपर्यंत वाणिज्य शाखेची अकरावी-बारावीतील मुले दरवर्षी वारंवारता वितरणाचे तक्ते मांडतात, सरासरी व प्रमाणित विचलन काढतात आणि सहसंबंध गुणांकाची उदाहरणे सोडवतात. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले, की वही मिटली जाते. याच प्राथमिक साधनांच्या बळावर सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेचा हिशेब मांडणारा एक गणिती महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी. पुण्यात राहून मुंबईत नोकरी करणारे कोसंबी ‘डेक्कन क्वीन’ने ये-जा करीत आणि त्यांचा हा प्रवास कल्याण-ठाण्यावरूनच होत असे.

कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील आचार्य धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांच्यासोबत दामोदर १९१८ मध्ये अमेरिकेस गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन मायदेशी परतले. बनारस व अलिगढ येथे काही काळ अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

संख्याशास्त्र त्यांनी कोणा गुरूपाशी बसून शिकले नाही. एखादा प्रत्यक्ष प्रश्न हाती घ्यावा आणि तो सोडवता सोडवता शास्त्र आत्मसात करावे, ही त्यांची रीत होती. विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांचे विश्लेषण हा त्यांचा सुरुवातीचा सराव. त्यानंतर ते वळले प्राचीन ‘आहत’ नाण्यांकडे. चांदीच्या या तुकड्यांवर ना राजाचे नाव असते, ना सन. असतात त्या केवळ ठोकलेल्या खुणा. अशी नाणी कालक्रमाने कशी लावायची, हा नाणेशास्त्रातील जुना पेच होता.

कोसंबी यांनी तराजू हाती घेतला. त्यांचा विचार मुळात साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही. ते टाकसाळीतूनच किंचित हलके निघालेले असू शकते. परंतु एकाच वयाची शेकडो नाणी घेतली, तर जितका काळ ती चलनात राहतील तितके त्यांचे सरासरी वजन घटत जाईल. शिवाय काही नाणी अधिक फिरतात, काही पेटीत पडून राहतात. त्यामुळे वजनांतील तफावतही वाढत जाईल. हे गृहीतक पारखण्यासाठी त्यांनी चलनातील आधुनिक नाणी वजन करून पाहिली. त्यांच्यावर सन छापलेला असल्याने वय ठाऊक होते. सनावार गट पाडून तक्ते मांडल्यावर अपेक्षित चित्र दिसले.

मग त्यांनी तक्षशिला येथे सापडलेल्या ठेव्यांचा हिशेब मांडला. आहत नाण्यांच्या मागील बाजूस बारीक खुणा असतात आणि त्यांची संख्या नाण्यागणिक वेगळी असते. खुणांच्या संख्येप्रमाणे गट पाडून कोसंबी यांनी प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले, तेव्हा खुणा वाढत जातात तसे वजन घटत जाते, असे आढळले. विद्यार्थी ज्याला ऋण सहसंबंध म्हणतात, तोच हा. पण ते तेथे थांबले नाहीत. त्या चिमुकल्या खुणांमुळे वजन कमी होत नाही, हे उघड होते. मग दोहोंचा संबंध कशामुळे? दोहोंच्या मागे काळ उभा आहे, असे उत्तर त्यांनी दिले. व्यापारी नाणी वेळोवेळी तपासून त्यांवर आपली खूण उमटवीत; म्हणून अधिक खुणा म्हणजे अधिक वय. १९४० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. मौर्यकालीन नाण्यांत तांब्याची भेसळ अधिक आणि वजनातील तफावतही मोठी, यावरून त्यांनी त्या साम्राज्याच्या खजिन्यावरील ताणाचा निष्कर्ष काढला. कोणते नाणे कोणत्या राजाचे, याबाबतच्या त्यांच्या काही मतांशी पुढील नाणेतज्ज्ञ सहमत झाले नाहीत. परंतु मोजल्याशिवाय बोलू नये, हा त्यांचा धडा टिकला.

याच काळात, १९४४ च्या सुमारास, गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्याचे एक सूत्र त्यांनी दिले. अनुवंशशास्त्रात ते आजही कोसंबी यांच्या नावाने वापरले जाते. पुढे होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासावरील ग्रंथाने राजांच्या वंशावळींऐवजी उत्पादनाची साधने आणि सामान्य माणसाचे जीवन यांना इतिहासाच्या केंद्रस्थानी आणले. ज्यांनी आपल्यामागे एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांचाही इतिहास त्यांनी वापरलेल्या वस्तूंतून वाचता येतो, ही दृष्टी त्यांना नाण्यांच्या अभ्यासातूनच लाभली असावी.

उत्तरायुष्य मात्र कडवट ठरले. रीमानचे गृहीतक या गणितातील गाजलेल्या कोड्याची उकल संभाव्यतेच्या मार्गाने केल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये कृषी संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकातून केला. तो टिकला नाही आणि गणितज्ञांमधील त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार आणि शांतता चळवळीतील सहभाग यांमुळे भाभांशी असलेले त्यांचे मतभेदही तीव्र झाले होते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार वाढवला नाही. डेक्कन क्वीनचा प्रवास संपला; काम संपले नाही. १९६६ च्या आरंभी एका अमेरिकी विज्ञान मासिकात नाण्यांवरील त्यांचा लेख झळकला. त्याच वर्षी २९ जून रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ५८ होते. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कोसंबी यांच्या आयुष्यात संख्याशास्त्राचे बळ दिसते आणि त्याची मर्यादाही. नाण्यांच्या बाबतीत त्यांनी आकड्यांना पुराव्याची जोड दिली आणि मुका धातू बोलका केला. रीमानच्या कोड्यात संभाव्यतेवर तिच्या आवाक्याबाहेरचा भार टाकला आणि हाती अपयश आले. सहसंबंध गुणांक काढून झाल्यावर तो कशामुळे आला, हा प्रश्न पुस्तकातील उदाहरणात बहुधा विचारलेला नसतो. कोसंबी यांचे खरे काम त्या प्रश्नापासून सुरू झाले.