डॉ. कमला सोहोनी : बटाट्याच्या पेशीत श्वास शोधणाऱ्या संशोधिका

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता. कांद्याचा पापुद्रा पाहण्यासाठी आम्ही रांगेत उभे राहिलो आणि प्रत्येकाच्या वाट्याला क्षणभर डोळा लावणे आले. विटा रचाव्यात तशा चौकटी, प्रत्येकीत एक ठिपका. ती पेशी आणि तो ठिपका म्हणजे केंद्रक, असे बाईंनी सांगितले. पुढे प्रॅक्टिकलचा खर्च घरी सांगण्याजोगा नव्हता म्हणून मी कला शाखेत आले. यंदा दुर्गाबाई भागवतांविषयी वाचताना त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव भेटले आणि त्या चौकटी पुन्हा आठवल्या.

कमलाबाई मूळच्या भागवत. जन्म १९११ साली इंदूरला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. कमलाबाईही मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला १९३३ मध्ये पहिल्या आल्या आणि तेथेच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नोबेल मिळवलेला माणूस. पण मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला! कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि त्यांनी सरळ सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानायचे नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करायचे, आणि इतरांचे लक्ष विचलित करायचे नाही. ही शेवटची अट वाचून मला राग आला. त्यांनाही तो अपमान जन्मभर बोचला. वर्षभरात रामन यांना त्यांच्या कामाची खात्री पटली व मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. गुरू श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध व डाळींतील प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एम. एस्सी. मिळवली.

तेथून केंब्रिज. तेथे त्यांच्या हाती आला बटाटा. पेशी म्हणजे नुसती चौकट नव्हे. वनस्पतीच्या पेशीला बाहेर भित्तिका, आत पटल, पेशीद्रव, आणि त्यात तंतुकणिका असतात. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन येथे टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोचतात. विहिरीपासून घरापर्यंत बायका रांगेने हंडे हातोहात पुढे देतात, तसे. या देवघेवीतूनच पेशीला शक्ती मिळते. रांगेतला एक हात म्हणजे सायटोक्रोम सी हे प्रथिन. ते वनस्पतींच्या पेशीपेशीत असते, हे कमलाबाईंनी दाखवले. म्हणजे पोत्यात निपचित पडलेला बटाटाही श्वास घेत असतो, आणि या कामी त्याची व आपली रीत एकच! अवघा चौदा महिन्यांचा अभ्यास, चाळीस पानांचा प्रबंध, आणि १९३९ मध्ये पीएच. डी. आपल्याकडे टिपणवह्यासुद्धा याहून जाड असतात.

परदेशात राहता आले असते, पण त्या परतल्या. दिल्ली, कुन्नूर आणि १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था. तेथे त्या पुढे संचालकही झाल्या. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना ती उपयोगी पडते असे दिसले. आमच्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर वाढलेल्याला हे काम किती जवळचे, ते सांगायला नको. ग्राहकांसाठी भेसळीविरुद्धही त्या लढल्या. १९९८ मध्ये त्या वारल्या.

त्यांचे आणखी एक काम मला फार आवडले. हरभरा, सोयाबीन अशा कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारे पदार्थ असतात. त्यांचा शोध त्यांनी विद्यार्थ्यांसह घेतला. कडधान्य नीट शिजले की त्यांचा जोर बराचसा ओसरतो. हे मी चुलीपाशी बसून आईला समजावून सांगितले. आई शाळेत गेलेली नाही. तिने निमूट ऐकून घेतले, झाकण काढून वालाचा एक दाणा बोटांत दाबून पाहिला, आणि अजून थोडा वेळ लागेल म्हणून आणखी एक लाकूड आत सारले.