‘ग्रॅम पॉझिटिव्ह’मधला ग्रॅम कोण? जंतूंना रंगावरून ओळखणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

जखम चिघळली किंवा लघवीला सारखी जळजळ होऊ लागली की डॉक्टर कल्चर करायला सांगतात. रिपोर्टवर ‘ग्रॅम पॉझिटिव्ह’ नाहीतर ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असं लिहून येतं. हा ग्रॅम वजनाचा नव्हे. ते एका डॉक्टरचं आडनाव आहे.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५३ रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथं झाला. आधी वनस्पतिशास्त्र शिकले, तिथंच सूक्ष्मदर्शक हाताशी आला. मग डॉक्टर झाले.

१८८४ साली ते बर्लिनमध्ये कार्ल फ्रिडलेंडर यांच्याकडे काम करत होते. त्या काळी न्यूमोनिया म्हणजे जिवाशीच गाठ. थंडी वाजून ताप, छातीत कळ, धाप, गंजासारखा तांबूस बेडका, आणि औषध काही नाही. हा रोग नेमका कोणत्या जंतूमुळे होतो यावरच जाणत्यांचं भांडण चाललं होतं. दगावलेल्या रोग्यांच्या फुप्फुसाचे पातळ काप ग्रॅम तपासत. पण पेशींच्या गर्दीत जंतू काही नीट दिसेना.

त्यांनी कापाला जांभळा रंग दिला, वर आयोडीन टाकलं आणि अल्कोहोलनं धुतलं. पेशींचा रंग निघून गेला, जंतू जांभळे राहिले. मात्र काही जातींचे जंतूही धुऊन कोरे झाले. टायफॉइडचा त्यातलाच. ग्रॅम यांना ही आपल्या पद्धतीतली उणीव वाटली आणि लेखात त्यांनी ती मोकळेपणानं कबूलही केली. खरं तर मोठा शोध त्या उणिवेतच होता! ज्यांचं कवच जाड ते रंग धरतात, ज्यांचं पातळ ते सोडतात. सोडणाऱ्यांना नंतर लाल रंग देण्याची युक्ती पुढे दुसऱ्यांनी जोडली. न्यूमोनियाचे गुन्हेगारही एकाहून जास्त निघाले, काही जांभळे, काही लाल.

ग्रॅम कोपनहेगनला परतले, १८९१ पासून औषधशास्त्र शिकवू लागले, पुढे वैद्यकाचे प्राध्यापक झाले. १९२३ ला निवृत्ती, १४ नोव्हेंबर १९३८ ला निधन. पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडलं होतं, पण रोग्यांपर्यंत पोचलं १९४० नंतर. आपल्या रंगाचं खरं मोल त्यांना बघायला मिळालंच नाही.

कारण साधं पेनिसिलिन मुख्यतः जांभळ्या जंतूंवर चालतं. लाल जंतूंच्या कवचावर आणखी एक पडदा असतो, तो बरीच औषधं आत येऊ देत नाही. टायफॉइडला म्हणून वेगळं औषध लागतं. सर्दी-पडसं तर बहुतेकदा विषाणूचं. त्याला मेडिकलवरून आणलेली अँटिबायोटिकची गोळी लागूच पडत नाही, तरी आपल्याकडे लोक घेतातच. क्षयाचा जंतू या रंगाला नीट दाद देत नाही, थुंकीच्या तपासणीला त्याचा रंग निराळा.

कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात. ग्रॅम यांच्या रंगाचं उत्तर मात्र तासाभरात मिळतं, आणि रोगी अत्यवस्थ असेल तर तोवर कोणतं औषध सुरू करायचं हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं.