छावणीतली चित्रकलेची बाई: फ्रीडल डिकर-ब्रँडाइस कोण होती?

फ्रीडलचा जन्म १८९८ चा, व्हिएन्नातला. जर्मनीतल्या गाजलेल्या बाउहाउस कलाशाळेत ती शिकली. ज्यू असल्यामुळे नाझींनी डिसेंबर १९४२ मध्ये तिला तेरेझिनच्या छावणीत धाडलं. सोबत फक्त ५० किलो सामान नेता यायचं. तिने त्यात कागद आणि रंग भरले.

छावणीत आईवडिलांपासून वेगळं ठेवलेल्या शेकडो मुलांना ती चित्रकला शिकवू लागली. चित्र सुंदर यावं हा तिचा हट्टच नव्हता. मनात साचलेलं बाहेर पडणं महत्त्वाचं. कागद कमी पडला की जुन्या फॉर्मचे तुकडे चिकटवून कोलाज व्हायचं. कुणी सुटलेलं घर काढायचं, कुणी फुलपाखरं, कुणी छावणीतले बंकबेड. चित्रावर स्वतःचं नाव मात्र लिहायचंच. माणसं नुसते नंबर होऊन गेलेल्या जागी ही साधी गोष्ट नव्हती.

सप्टेंबर १९४४ मध्ये नवरा पावेलला छावणीतून हलवलं. फ्रीडल स्वतःहून त्याच्या मागे निघाली आणि आउशविट्झमध्ये मारली गेली. पावेल वाचला.

मागे राहिलेल्या दोन सुटकेसमध्ये सुमारे साडेचार हजार चित्रं होती. ती आज प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत. ती काढणारी बहुतेक मुलं युद्धातून परतली नाहीत. फ्रीडलची जुनी विद्यार्थिनी एडिथ क्रेमर हिने पुढे अमेरिकेत मुलांसाठीच्या आर्ट थेरपीचा पाया घातला.